हातसुद्धा लावला नाही

"जुलूम म्हणे." वाघिणीनं डब्याचं झाकण टेबलावर आपटलं. "साहेबांनी आजवर कुणाला हातसुद्धा लावला नाही, आणि ही बया लिहून देते, जुलूम."

जेवणाच्या खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. वाघीण हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. कामावर असताना मांजरासारखी गप्प बसणारी ही बाई सुट्टीची घंटा झाली की डरकाळ्या फोडायची, म्हणून कुणीतरी ते नाव पाडलं होतं आणि ते तिला इतकं बसलं होतं की तिचा नवराही फाटकाशी येऊन "वाघीण आहे का?" असंच विचारायचा.

हसण्याचं कारण सकाळचं होतं. शिफ्टसाहेबांनी सगळ्यांना एका रांगेत उभं करून चष्मेवालीची तक्रार वाचून दाखवली होती. चष्मेवालीला कामावरून काढलं होतं, तिनं कामगार कचेरीत धाव घेतली होती, आणि तक्रारीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की या कारखान्यात बायांवर जुलूम होतो. साहेबांनी तो शब्द दोनदा वाचला. आवाज चढवून नव्हे, दुखावल्यासारखं. साहेब दुखावले याचं बायांना फार वाईट वाटलं.

"आमच्या ह्यांना सकाळी अंघोळीला उठवलं की ते म्हणतात, काय जुलूम आहे," दुसरी एक म्हणाली. "तेवढा तरी आहे का बाई इथे?"

"जुलूम बघायचाय तर माझ्या सासूच्या हातचा चहा प्यायला या."

पुन्हा हशा. टेबलाच्या टोकाशी बदलीमावशी उभ्यानंच जेवत होत्या. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, कारण त्या कधी बसत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. घास चावता चावता त्यांना वाटलं, आपणही हसावं. तोंड थोडं हललंही. पण हसू काही आलं नाही.

कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. बाटल्या भट्टीतून निघून, गार होऊन, एका सरकत्या पट्ट्यावरून तपासणीला यायच्या. पट्ट्यामागे दिव्याचा पांढरा पडदा. त्याच्याकडे तोंड करून बाया ओळीनं खुर्च्यांवर बसायच्या आणि डोळ्यांसमोरून जाणाऱ्या प्रत्येक बाटलीत तडा, बुडबुडा, खडा काही आहे का ते बघायच्या. पट्टा थांबत नसे. त्यामुळे नजर हटवायची नाही, मान वळवायची नाही, बोलायचं नाही. आणि कुणाला बाथरूमला जायचं असेल तर तिची खुर्ची रिकामी राहून चालायची नाही. त्यासाठी बदलीमावशी होत्या.

मावशींना स्वतःची खुर्ची नव्हती. त्या ओळीच्या मागे उभ्या असत. नंबर ठरलेले. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. जिचा नंबर येईल तिच्या खांद्याला मावशी हात लावायच्या, ती उठायची, मावशी तिच्या ऊबदार खुर्चीत बसून बाटल्या बघायच्या, ती आली की उठून पुढचीच्या मागे. नंबर सोडून कुणाला जायचं असेल तर तिनं नुसता हात वर करायचा. मग मावशी साहेबांच्या काचेच्या खोलीकडे बघायच्या. साहेबांनी मान हलवली तर जायचं, नाहीतर नाही. जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद असे, पण तेव्हा पडदे पुसून काढायचं काम मावशींचंच. ते आटपून येईपर्यंत बाथरूमशी ही मोठी रांग असायची.

आणि मावशींची बदली? ती कुणीच नव्हती. नेमणूक करताना ते कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही. सुरुवातीला फार त्रास झाला. मग त्यांनी सकाळी घरून निघताना पाणी पिणं सोडलं. मग दुपारचं सोडलं. हळूहळू तहान लागणंच बंद झालं. शरीर मोठं गुणी असतं, शिकवाल ते शिकतं. डॉक्टरीणबाई एकदा रागावल्या होत्या, "अहो, पाण्याशिवाय झाड तरी जगतं का?" मावशी म्हणाल्या, "झाडाला कुठं जायचं असतं?" डॉक्टरीणबाई हसल्या आणि गोळ्या लिहून दिल्या.

चष्मेवाली चौथ्या खुर्चीवर बसायची. बारीक अंगाची, कामाला चोख. तिला मुतखड्याचा त्रास निघाला होता आणि भरपूर पाणी प्या असं तिला सांगितलं होतं. त्या दिवशी बाहेर मालाची गाडी उभी होती. साहेबांनी सकाळीच सांगितलं, "मावशी, आज नंबर सोडून कुणाला नाही हं. प्लीज." ते नेहमी प्लीज म्हणायचे.

दुपारी चष्मेवालीनं हात वर केला. मावशींनी पाहिला. त्यांनी साहेबांच्या खोलीकडे पाहिलं नाही, कारण काय उत्तर मिळणार ते ठाऊक होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि रेलिंग पुसायला लागल्या. हात खाली गेला, थोड्या वेळानं परत वर आला. मावशींनी रेलिंगचं दुसरं टोक पुसलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि चष्मेवाली धावत सुटली. ती पोचली नाही. बोळाच्या मध्येच कपडे भिजले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि चौथ्या खुर्चीसमोरून बाटल्या कुणीच न बघता पुढे गेल्या.

ओळीतल्या एकीनंही मान वळवली नाही. त्यांना दोष तरी काय द्यायचा, मान वळवायची नाही हाच नियम होता. फिनेल टाकून बोळ पुसला गेला. दुसऱ्या दिवशी चष्मेवालीला सांगण्यात आलं, की तुम्ही हात वर न करता, न विचारता जागा सोडलीत, तडे गेलेला माल पुढे गेला, आता येऊ नका.

सगळं एवढ्यावर येऊन थांबलं होतं: हात वर केला होता की नव्हता. केला असेल तर चूक कारखान्याची, तिला परत घ्यावं लागणार. नसेल तर चूक तिची. आणि सगळ्या बायांची तोंडं पडद्याकडे होती. पाहणारं माणूस एकच.

साहेबांनी मावशींना काचेच्या खोलीत बोलावलं.

"बसा ना मावशी."

"बरी आहे उभी."

"तुमचा मुलगा लोडिंगला आहे ना आपल्याकडे? फार मेहनती. कायम करायच्या लोकांची नावं मी वर पाठवतोय. त्याचं घातलंय." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला खोटं बोला असं कधीच सांगणार नाही. तुम्ही आमच्या घरच्यासारख्या. एवढंच, की तिनं हात वर केला नव्हता, हे तुम्हाला आठवत असेलच."

मावशी काचेतून पट्ट्याकडे बघत होत्या.

"आणि जुलूम वगैरे. तुम्हीच सांगा, मी कधी कुणाला अरे-तुरे तरी केलं?"

"नाही साहेब."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

घरी नवरा वाटच बघत होता. त्याचं आयुष्य सिनेमागृहाच्या दारावर तिकिटं फाडण्यात गेलं होतं. दार लावून घेतल्यावर तो आतच उभा राहायचा, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्याला पडद्यावर कशी दिसते तेवढं पक्कं माहीत होतं.

"अहो, जुलूम म्हणजे काय हो नेमकं?" मावशींनी भाजी चिरता चिरता विचारलं.

नवरा खूश झाला. त्याला कुणी काही विचारत नसे. "जुलूम म्हणजे, असं बघ, त्याला आधी चाबूक पाहिजे. घोडा पाहिजे. मिशा तर पाहिजेतच. तुमच्या साहेबाला मिशा आहेत?"

"नाहीत."

"आवाज?"

"बारीक आहे. प्लीज म्हणतो."

"मग झालं तर. प्लीज म्हणून कुणी जुलूम करतं होय?"

मावशींनी थोडा वेळ भाजी चिरली. "आणि ज्याच्यावर होतो, तो काय करतो?"

"ओरडतो. आभाळाकडे बघून ओरडतो. नाही ओरडला तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळणार कसं?"

मुलगा हातपाय धुऊन आला आणि आईशेजारी टेकला. घर दीड खोलीचं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच राहिली होती, कारण इथे पाळणा टांगायला जागा नव्हती. बाळ आता उभं राहायला लागलं होतं आणि बापाला बघून रडायचं. कायम झाला की कंपनीच्या क्वार्टरमध्ये त्याला खोली मिळणार होती.

"आई, साहेब भेटले तुला?"

"भेटले."

"मग?" त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "मी काही म्हणत नाही. पोरगी चांगली होती. पण आपण का मध्ये पडायचं? तिला दुसरीकडे मिळेल की काम. मिळेल ना?"

"मिळेल," मावशी म्हणाल्या.

"तू आपलं कमी बोल. तुला तसंही कुठं बोलायला लागतं."

ते खरं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा त्यांना कधी कुणी मारलेला नव्हता. आणि तोंड दाबायची वेळ कुणावर आलीच नव्हती, ते आधीपासूनच बंद होतं.

कामगार कचेरी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. अधिकारी बाई केस पिकलेल्या, चेहऱ्यावर झोप कमी झाल्याची खूण. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला चष्मेवाली. तिनं मावशींना पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुमचं काम काय?" बाईंनी विचारलं.

मावशींनी सांगितलं. खांद्याला हात लावणं, बसणं, उठणं, सगळं.

"म्हणजे कुणी हात वर केला तर तुम्हालाच दिसणार."

"हो."

"त्या दिवशी हिनं हात वर केला होता?"

साहेबांनी मावशींकडे पाहिलंसुद्धा नाही. ते घड्याळ बघत होते. मावशींना चष्मेवालीचा हात दिसला, आत्ताचा, मांडीवर ठेवलेला, नखं कुरतडलेली. त्यांना काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. आतून उत्तर आलं तेही आपोआप, पाण्याला कुणी विचारलं की नको म्हणायचं तसं.

"नाही," त्या म्हणाल्या.

बाईंनी लिहून घेतलं. "तक्रारीत जुलूम असा शब्द आहे. तुमच्यावर तिथे जुलूम होतो असं तुम्हाला वाटतं?"

"कुणी हातसुद्धा लावत नाही बाई."

"बरं." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मग, प्रश्न संपल्यावर माणूस सहज विचारतो तसं विचारलं, "आणि तुम्हाला जायचं असलं की तुमच्या जागी कोण येतं?"



"मला?"

"हो, तुम्हाला."

"मला लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? दिवसभर?"

"सवय नाही," मावशी म्हणाल्या. साहेबांनी घसा साफ केला आणि आपल्याला परत कारखान्यात पोचायचं आहे असं सांगितलं. बाईंनी त्यांना जाऊ दिलं.

मावशी बाहेर बोळात आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. मुलगा न्यायला येणार होता. पलीकडे पाण्याचं पिंप होतं. चष्मेवाली खोलीतून बाहेर आली, पिंपाशी गेली, पेला भरला आणि सरळ मावशींसमोर येऊन उभी राहिली.

"प्या."

"नको गं."

"ओठ बघा तुमचे. चिरा पडल्यात." पेला तसाच पुढे धरलेला. "मी रागावलेय तुमच्यावर. खूप रागावलेय. पण पाणी पाण्याच्या जागी. प्या."

मावशींनी पेला घेतला. पहिला घोट घशात अडकला, इतका की ठसका लागला. मग उरलेलं सगळं त्या एका दमात प्यायल्या. चष्मेवालीनं पुन्हा भरून आणला. तोही त्या प्यायल्या. तिसरा त्यांनी स्वतः जाऊन भरून घेतला. मागे वळून पाहिलं तेव्हा चष्मेवाली जिन्यानं खाली उतरत होती.

मुलाला यायला उशीर होता. मावशी बाकावर बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांना पोटात काहीतरी जाणवलं. आधी त्यांना वाटलं दुखतंय. मग ध्यानात आलं, की हे ते आहे. दिवसाउजेडी, भर कामाच्या वेळेला. त्या घाबरल्या. दाराशी शिपाई पेपर वाचत बसला होता.

"भाऊ, बायकांचं कुठे आहे?"

"ते काय, समोर."

मावशी उभ्याच राहिल्या.

"काय झालं?"

"जाऊ का?"

शिपायानं पेपर खाली केला. त्याला वाटलं बाई थट्टा करते आहे. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "अहो आजी, जा की. त्यात विचारायचं काय?"

त्या गेल्या. आत कुणी नव्हतं. बाहेर रांग नव्हती, पट्टा चालू नव्हता, कुणाची खुर्ची रिकामी पडली नव्हती. नळ ठिबकत होता. मावशी बसल्या होत्या. डोळ्यांसमोर कारखान्यातला बोळ आला, भिंतीला टेकून उभी असलेली पोर आली, आणि तिला तेव्हा काय झालं असेल ते त्यांना पहिल्यांदा, पोटातून कळलं. फार भयंकर कळलं. हात वर करून तिनं एवढंच मागितलं होतं. आणि आपण रेलिंग पुसत होतो, लख्ख होतं ते रेलिंग.

बाहेर येऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि अधिकारी बाईंच्या दाराशी गेल्या. बाई डबा उघडून बसल्या होत्या.

"बाई, माझं चुकलं. तिनं हात वर केला होता. मी बघितला होता. परत केला, तोही बघितला."

बाईंनी घास खाली ठेवला. "मघाशी तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"कुणी दबाव आणला? धमकी दिली? खरं सांगा, घाबरू नका."

मावशींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. धमकी कुणी नाही दिली. साहेब बसा म्हणाले."

"मग खोटं का बोललात?"

मावशींना उत्तर ठाऊक होतं, पण ते कसं सांगावं ते कळेना.

"तोंडातून तेच आलं," त्या शेवटी म्हणाल्या. "हो म्हणायचं असतं हे आठवलंच नाही."

बाईंनी हात पुसले, दार लावून घेतलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मावशी सांगत गेल्या. काचेच्या खोलीतलं सांगितलं, मुलाच्या नावाचंही सांगितलं. खाली सही केली.

"याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील, कल्पना आहे ना?" बाईंनी विचारलं. "मी माझ्याकडून बघेन. पण सगळं माझ्या हातात नाही."

"मला काय, माझं झालं," मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांना मुलाची आठवण झाली.

तो खाली स्कूटरवर बसून होता. साहेबांची त्याची वाटेत गाठ पडली असावी, कारण चेहरा फुललेला होता.

"झालं ना नीट? साहेब म्हणाले, मावशींनी काम सोपं केलं."

मावशी मागे बसल्या. "चल," एवढंच म्हणाल्या.

स्कूटर निघाली. तो मान अर्धी वळवून, वाऱ्यावर मोठ्यानं बोलत होता. क्वार्टरची खोली त्यानं बघून ठेवली होती. खिडकी होती म्हणे तिला. पाळणा नकोच आता, बाळ मोठं झालं, एक छोटा पलंगच करून घेऊ. बायकोला आज फोन करतो. नाही, फोन नको, सरळ जाऊनच आणतो दोघांना, बघू आता बाळ रडतं का. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं ओली झाली होती आणि लहानपणी यायचा तसाच त्या घामाला वास होता.

मावशींना सांगायचं होतं. चौकात सांगू म्हणाल्या, चौक गेला. पुलावर सांगू म्हणाल्या. मग त्यांनी ठरवलं, घरी गेल्यावर, त्याचं जेवण झाल्यावर सांगावं. एवढा रस्ता तरी त्याला खुशीत जाऊ दे.

"ऐकतेस ना?" त्यानं विचारलं.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "बोल तू."